एमई/सीएफएसवरच्या संशोधनासाठी पहिला अनुदान अर्ज : मुंबईतल्या नवख्यांसाठी

माझी धाकटी बहीण डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट नाही. डेंग्यूतून उठली तेव्हा सगळे म्हणाले, पंधरा दिवसांत हिंडू-फिरू लागशील. त्याला आता सहा वर्षं होतील. रिपोर्ट सगळे नॉर्मल. एखाद्या सकाळी बरं वाटलं म्हणून तिने चार माणसांचा स्वयंपाक केला, तर पुढचे तीन दिवस तिला उठून बसवत नाही. या आजाराला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात एमई/सीएफएस. हे नाव आम्हाला कळायला साडेतीन वर्षं लागली.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयात रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. एथिक्स कमिटीच्या फायली, अनुदानाचे अर्ज, खर्चाचे हिशेब हे माझं रोजचं काम. बहिणीच्या आजारावर आपल्या भागात, आपल्या माणसांवर अभ्यास व्हावा म्हणून मी आतापर्यंत तीन अर्जांत हात घातला आहे. पहिला फेटाळला गेला, आणि तो फेटाळला जाणं योग्यच होतं. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. एमडीचा थिसिस करणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, समाजकार्याचे विद्यार्थी किंवा रुग्णांनी मिळून काढलेला छोटा ट्रस्ट, यांपैकी कोणीही असाल तरी सुरुवात इथूनच करा.

पहिलं काम : कोणत्या आजारावर पैसे मागताय ते ठरवा

हे वाक्य विचित्र वाटेल, पण माझा पहिला अर्ज इथेच पडला. आम्ही लिहिलं होतं, 'दीर्घकालीन थकव्याच्या रुग्णांचा अभ्यास'. परीक्षकाने एका ओळीत विचारलं, दीर्घकालीन थकवा हे लक्षण आहे, तुम्ही अभ्यास कशाचा करणार?

थकवा रक्तक्षयात असतो, थायरॉइडमध्ये असतो, मधुमेह, क्षयरोग, नैराश्य, बी-१२ची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, सगळ्यांत असतो. एमई/सीएफएस वेगळा. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये दिलेले निकष आज सर्वाधिक सोपे आणि वापरण्याजोगे आहेत. आजारापूर्वी माणूस जे करू शकत होता त्यात सहा महिन्यांहून जास्त काळ मोठी घट आणि विश्रांतीने न जाणारा नवा थकवा; श्रमानंतर प्रकृती खालावणं; झोपूनही ताजंतवानं न वाटणं; आणि यांच्या जोडीला विचार-स्मरणातला गोंधळ किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास, या दोहोंपैकी किमान एक. १९९४चे फुकुदा निकषही अनेक जुन्या अभ्यासांत दिसतील, पण त्यांत श्रमानंतरची खालावण सक्तीची नाही. २००३च्या कॅनेडियन निकषांत ती सक्तीची आहे. अर्जात कोणते निकष घेतले आणि का, हे पहिल्याच पानावर लिहा.

आपल्याजवळचं एक उदाहरण मला फार शिकवून गेलं. गोव्यात १८ ते ५० वर्षांच्या स्त्रियांची एक मोठी पाहणी झाली आणि ती २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. सुमारे १२ टक्के स्त्रियांनी दीर्घकालीन थकव्याची तक्रार सांगितली. हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध आढळला नाही; आर्थिक ओढाताण आणि मानसिक ताण यांच्याशी आढळला. उत्तम अभ्यास आहे, पण तो थकव्याचा आहे, एमई/सीएफएसचा नाही. तुमचा अर्ज वाचणारा भारतीय परीक्षक हा निबंध वाचून बसलेला असण्याची शक्यता बरीच आहे. तुमच्या अर्जात त्याचा उल्लेख हवा, आणि तुम्ही निकष का कडक ठेवताय हे त्याच्याच आधारे सांगायला हवं.

दुसरं काम : प्रश्न लहान ठेवा आणि इथला ठेवा

'एमई/सीएफएसचं कारण शोधणे' असा अर्ज करू नका. ब्रिटनमधल्या डीकोड-एमई या जनुकीय अभ्यासाला ३२ लाख पौंडांचं सरकारी अनुदान मिळालं होतं आणि त्यात पंधरा हजारांहून जास्त रुग्णांचे डीएनए नमुने तपासले गेले. २०२५ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले तेव्हा जनुकांच्या आठ ठिकाणी फरक दिसले. एवढं करूनही 'कारण सापडलं' असं कोणी म्हटलेलं नाही. धर्मादाय संस्थेचं छोटं अनुदान हे बियाणं असतं. त्यातून पथदर्शी अभ्यास उभा राहतो, आणि त्या आकडेवारीच्या बळावर पुढे आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) सारख्या मोठ्या ठिकाणी जाता येतं.

मग इथला प्रश्न कोणता? मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावाचं उदाहरण. न्यू साउथ वेल्समधलं हे ग्रामीण भागातलं शहर. तिथे तीन वेगवेगळे संसर्ग झालेल्या २५३ लोकांचा पाठपुरावा केला : ग्रंथीज्वराचा एपस्टाइन-बार विषाणू, जनावरांकडून येणारा क्यू फीवर आणि डासांमुळे पसरणारा रॉस रिव्हर विषाणू. सहा महिन्यांनंतर सुमारे ११ टक्के लोक क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या निकषांत बसले. कोण बसेल याचा अंदाज कशावरून आला, तर मूळ आजार किती तीव्र होता यावरून. माणसाच्या स्वभावावरून नाही. २००६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आजही तो सगळीकडे उद्धृत होतो. एका गावात, तिथल्याच संसर्गांवर केलेलं काम आहे ते.

रॉस रिव्हर विषाणू आणि आपला चिकनगुनिया एकाच कुळातले, अल्फाव्हायरस. मुंबईत दर पावसाळ्यात डेंग्यू-चिकनगुनियाचे रुग्ण भरती होतात. त्यांच्या निदानाच्या तारखा कागदावर असतात. म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये प्रयोगशाळेने पक्कं निदान केलेल्या रुग्णांना फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये फोन करून विचारता येतं, आता कसे आहात? सहा महिने आपोआप भरतात, आणि तोवर पाऊसही नसतो. एवढा एक प्रश्न, एका रुग्णालयात, एका हंगामात. असा अर्ज परीक्षकाला समजतो आणि पटतो.

तुलनेचा गट निवडताना घाई करू नका. सोपं म्हणून रुग्णालयातले निवासी डॉक्टर आणि नर्सेस घेतले, तर दिवसभर धावणाऱ्या माणसांची तुलना अंथरुणावरच्या माणसांशी होईल. त्याच हंगामात तोच ताप येऊन पूर्ण बरी झालेली, त्याच वस्तीतली, त्याच वयाची माणसं घ्या. ती मिळवायला जास्त फोन करावे लागतात. बजेटमध्ये ते फोन धरा.

तिसरं काम : प्रश्नावली मराठीत आणा

या कामाला लोक आठवडा देतात. तीन महिने द्या, आणि त्याचे पैसे मागा.

डीपॉल सिम्प्टम क्वेश्चनेअर ही या आजारासाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली. कामकाजाच्या क्षमतेसाठी रँड-३६ आहे. मूळ इंग्रजी. आमच्या गटात पहिल्यांदा कोणीतरी 'फटीग' म्हणजे 'थकवा' असं सरळ लिहून टाकलं. प्रत्यक्ष बोलायला बसल्यावर कळलं की लालबागच्या आजींना 'थकवा' म्हणजे वयाचा थकवा. 'आता मी थकले' म्हणजे म्हातारी झाले. तरुण बायका 'अशक्तपणा' म्हणतात, पण त्याचा अर्थ त्या रक्त कमी असण्याशी लावतात आणि लगेच गोळ्या, बीट, खजूर यांचं सांगू लागतात. आजाराच्या सर्वांत जवळ जाणारे शब्द वेगळेच निघाले : 'अंगात त्राण नाही', 'गळून जाते', 'हातपाय आपले वाटत नाहीत'.

श्रमानंतरच्या खालावणीचा प्रश्न तर आम्ही नऊ वेळा बदलला. 'काम केल्यावर त्रास वाढतो का?' असं विचारलं की विरार लोकलने रोज ये-जा करणारा प्रत्येक माणूस हो म्हणतो. शेवटी बहिणीनेच वाक्य दिलं : 'काल जरा जास्त झालं, तर ते आज किंवा उद्या भोवतं का? भोवलं तर किती दिवस?' त्यात दोन गोष्टी आल्या, उशीर आणि मुदत. निरोगी माणूस रात्रभर झोपून उठला की मोकळा होतो. या आजारात त्रास बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी चढतो आणि दिवसेंदिवस राहतो.

पद्धत अशी ठेवा. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी भाषांतर करायचं, मग एकत्र बसून एक मसुदा करायचा. मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत इंग्रजीत न्यायचा. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून कुठे अर्थ घसरला ते पाहायचं. त्यानंतर आठ-दहा रुग्णांना प्रश्न मोठ्याने वाचून 'तुम्हाला यातून काय समजलं?' असं विचारायचं. मूळ लेखकांची परवानगी आधी घ्यायची. मुंबईत हिंदी प्रतही लागेलच. ही तपासलेली मराठी प्रश्नावली स्वतःच एक संशोधन आहे. तेवढ्यासाठीसुद्धा छोटं अनुदान मागता येतं, आणि पुढे नागपूर-कोल्हापूरच्या लोकांना ती उपयोगी पडते.

चौथं काम : कोणाच्या दारात जायचं

परदेशात या आजारासाठी पैसे देणाऱ्या ना-नफा संस्था आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक रुग्णांनी व त्यांच्या घरच्यांनी उभ्या केलेल्या आहेत. अमेरिकेतल्या सॉल्व्ह एमई या संस्थेचं रॅम्से अनुदान पथदर्शी अभ्यासांसाठीच आहे. ब्रिटनमध्ये एमई असोसिएशनचा रॅम्से रिसर्च फंड आहे. दोन्ही नावं डॉ. मेल्विन रॅम्से यांच्यावरून आली. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये २९२ कर्मचारी एका गूढ आजाराने पडले, तेव्हा रॅम्से तिथे संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर होते, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी या रुग्णांची बाजू धरली. स्कॉटलंडमधली एमई रिसर्च यूके ब्रिटनबाहेरच्या संशोधकांनाही अनुदान देत आली आहे. ओपन मेडिसिन फाउंडेशन मोठ्या विद्यापीठांतल्या स्वतःच्या केंद्रांमार्फत काम करते. तिथे नवख्याने थेट अर्जाऐवजी एखाद्या केंद्राशी सहकार्य मागावं. प्रत्येक संस्थेचं अर्जाचं वेळापत्रक आणि अटी दर वर्षी बदलतात. चालू वर्षाची माहितीपत्रिका डाउनलोड करा, तिची छापील प्रत काढा आणि पात्रतेच्या ओळीवर पेनाने खूण करा.

देशात या आजारासाठीच असलेलं अनुदान शोधत बसू नका. दुसऱ्या दारांतून आत जायचं. आयसीएमआरच्या बाह्य संशोधन योजना आहेत. इंडिया अलायन्स क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य संशोधकांना फेलोशिप देते. ती व्यक्तीला मिळते, म्हणून तुमच्या गटात एक तरी तरुण, चिकाटीचा संशोधक हवा. मुंबईतले जुने ट्रस्ट आहेतच. विषय विषाणूजन्य तापानंतरचं अपंगत्व, स्त्रियांचं आरोग्य, घरबसल्या सेवा अशा शब्दांत मांडला तर त्यांना तो आपलासा वाटतो. हे शब्द खरे असतील तरच वापरा. आमच्या बाबतीत खरे होते.

या शहराचा एक दाखला मी प्रत्येक बैठकीत देते. १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या. त्या काळी या आजारावर उपचार जवळजवळ नव्हतेच. पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटांनी त्यांच्या नावाने ट्रस्ट केला आणि उत्पन्नाचे चार पंचमांश जगभरच्या ल्युकेमिया संशोधनासाठी ठेवले. मुंबईतल्या एका घरातल्या दुःखातून परदेशातल्या प्रयोगशाळांना पैसे जाऊ लागले. एमई/सीएफएससाठी आज नेमकं हेच हवं आहे, आणि तुमच्या ओळखीतल्या एखाद्या छोट्या कौटुंबिक ट्रस्टलाही ते करता येईल.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीबद्दल लोक फार आशेने विचारतात. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण संशोधनाची बाब त्या कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये मुख्यतः सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्था, विद्यापीठं, आयआयटी, आयसीएमआर अशांसाठी आहे. खासगी ट्रस्टच्या प्रयोगशाळेतला अभ्यास त्यात सहज बसत नाही. रुग्णांसाठी ओपीडी, मार्गदर्शन, घरी भेटी हे आरोग्यसेवेत बसतं. म्हणून काम दोन भागांत तोडा : सेवेचा भाग सीएसआरकडे, अभ्यासाचा भाग संशोधन अनुदानाकडे. कंपनीकडे जाताना ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे सीएसआरची कामं घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, झालेली हवी.

पाचवं काम : पैसा येईल कसा, हे आधी तपासा

इथे माझा सूर थोडा कडक होईल, कारण इथल्या चुकीने मंजूर झालेलं अनुदान परत गेलेलं मी पाहिलं आहे.

ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली नोंदणी. मुंबईसाठी वरळीचं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. ट्रस्टला आणि देणगीदाराला करसवलत देणारी प्राप्तिकराची नोंदणी, जी सगळे अजूनही '१२ए' आणि '८०जी' म्हणूनच ओळखतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएला विचारूनच अर्जात लिहा. स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. हे सगळं एका फोल्डरमध्ये तयार ठेवा.

परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागतो. नियमित नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं चाललेली हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. नव्या संस्थेला पूर्वपरवानगीचा मार्ग आहे : ठरावीक दाता, ठरावीक रक्कम, ठरावीक काम, आणि दात्याचं तसं पत्र. परदेशी निधी फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच पहिल्यांदा येतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत.

सगळ्यांत महत्त्वाचं, २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. 'आपल्या ओळखीच्या मोठ्या ट्रस्टच्या खात्यात घेऊ आणि तिथून रुग्णालयाच्या रिसर्च सोसायटीला वळवू' हा सल्ला तुम्हाला कोणीतरी प्रेमाने देईल. ऐकू नका. जी संस्था अनुदानाच्या करारावर सही करते, तिनेच खर्च करायचा. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी तुमच्या रुग्णालयाच्या लेखा विभागात जा आणि एकच विचारा : परदेशी अनुदान घेण्याची परवानगी आपल्याकडे कोणाच्या नावावर आहे? नसेल तर देशी अनुदानाकडे वळा.

सहावं काम : परवानग्या

प्रमुख संशोधक, म्हणजे पीआय, रुग्णालयाचा कायम कर्मचारी असलेला बरा. महापालिकेच्या रुग्णालयात विभागप्रमुखांची आणि डीनची मंजुरी लागते. एथिक्स कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली हवी. आयसीएमआरची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचा, विशेषतः संमतीपत्र, भरपाई आणि प्रवासखर्च यांवरची. परदेशी निधी किंवा परदेशी सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते, आणि तिच्यासाठी आठवडे नव्हे, महिने धरायचे. सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत अभ्यासाची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करा; औषध नसलेला निरीक्षणात्मक अभ्याससुद्धा तिथे नोंदता येतो आणि नोंदवावाच.

एथिक्स कमिटीसमोर एक प्रश्न हमखास येतो : व्यायाम का करून घेत नाही? तयारीने जा. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजारासाठी टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याचा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट केलं. सलग दोन दिवस सायकलवर घेतली जाणारी श्रमचाचणी संशोधनात वापरतात, कारण दुसऱ्या दिवशीची घट मोजता येते. पण ती चाचणीच रुग्णाला आठवडाभर आडवं करू शकते. पहिल्याच अभ्यासात ती मागू नका. त्याऐवजी नासा लीन टेस्ट घ्या : रुग्ण आधी आडवा, मग भिंतीला पाठ टेकून दहा मिनिटं उभा, दर मिनिटाला नाडी आणि रक्तदाब. सोबतीला हाताच्या पकडीची ताकद मोजणारं साधं उपकरण. दोन्ही घरी नेता येतात.

सातवं काम : बजेट रुग्णाच्या शरीराभोवती मांडा

अनुदानाचे बहुतेक नमुने किट, फ्रीझर आणि पगार यांपासून सुरू होतात. या आजारात तसं केलं की अभ्यास कोसळतो. कारण साधं आहे. ज्याला तुम्ही बोलावताय तो बदलापूरहून परळला आला, दोन जिने चढला, ओपीडीच्या रांगेत दीड तास उभा राहिला, तर तुम्ही त्याचं रक्त घेता तेव्हा तो तुमच्यामुळेच आजारी पडलेला असतो. तुमचा आकडाही बिघडला आणि माणूसही. दुसऱ्या भेटीला तो येत नाही. मग अहवालात लिहिलं जातं, रुग्णांनी सहकार्य केलं नाही.

म्हणून हिशेब असा करा. समजा ३० रुग्ण आणि ३० तुलनेचे लोक, प्रत्येकी दोन भेटी, म्हणजे १२० भेटी. रुग्णांच्या ६० भेटी घरी धरा. त्यासाठी टेक्निशियनचा दिवस, टॅक्सी किंवा रिक्षा, नमुन्यासाठी थंड पेटी आणि रक्त किती तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवं ते. डोंबिवलीहून परळला गर्दीच्या वेळी नमुना वेळेत येणार नसेल, तर जवळच्या प्रयोगशाळेत प्राथमिक प्रक्रिया करण्याचे पैसे लिहा. तुलनेच्या ६० भेटींना प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजंदारीची भरपाई. भेट झाल्यावर दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी फोन, कारण खालावण तेव्हा कळते. मुलाखत दोन तुकड्यांत, प्रत्येकी वीस मिनिटं, रुग्ण आडवा असताना फोनवर. सोबत येणाऱ्या नातेवाइकाचाही खर्च. आणि घराबाहेर पडूच न शकणाऱ्या, अंधाऱ्या खोलीत पडून असलेल्या रुग्णांसाठी वेगळी रक्कम. त्यांना वगळून केलेला अभ्यास निम्मा आजार पाहतो.

दोन-तीन रुग्णांना सल्लागार म्हणून घ्या आणि त्यांना मानधन द्या. 'त्यांच्याच भल्याचं काम आहे, पैसे कशाला?' असं आमच्या बैठकीत म्हटलं गेलं होतं. माझी बहीण एका पानावर मत देण्यासाठी दोन दिवसांची ताकद खर्चते. तिचे ते दोन दिवस संख्याशास्त्रज्ञाच्या तासाइतकेच मोलाचे आहेत. संख्याशास्त्रज्ञालाही सुरुवातीलाच घ्या, शेवटी नको. नमुना किती हवा हे तोच सांगेल.

प्रत्येक रकमेपुढे एक ओळ कारण लिहा. 'टॅक्सी' एवढंच लिहिलं तर कापतात. 'प्रवासाच्या श्रमाने मोजणी बिघडू नये म्हणून घरभेट' असं लिहिलं तर राहते. रुग्णालयाचा ओव्हरहेड, म्हणजे जागा, वीज, कार्यालय यांचा खर्च, अनुदान देणारा मान्य करतो का, तेही आधी पाहा. बऱ्याच धर्मादाय संस्था तो देत नाहीत किंवा त्यावर मर्यादा घालतात, आणि मग रुग्णालयाशी आधीच बोलून घ्यावं लागतं.

आठवं काम : अर्ज लिहिणं

पहिलं अर्धं पान सामान्य वाचकासाठी लिहा. रुग्णांच्या संस्थांमध्ये ते रुग्णही वाचतात, आणि त्यांना कोरडा शब्दभार लगेच ओळखू येतो. आधी मराठीत लिहा, घरात कोणाला तरी वाचून दाखवा, मग इंग्रजीत न्या. मी असंच करते. मराठीत जे सांगता आलं नाही ते मला स्वतःलाच कळलेलं नसतं.

निष्कर्ष नकारात्मक आला तरी काय उपयोग, हे लिहायला घाबरू नका. २००९ मध्ये एक्सएमआरव्ही नावाच्या विषाणूचा या आजाराशी संबंध सापडल्याचा गाजावाजा झाला. पुढे ते प्रयोगशाळेतलं दूषण निघालं आणि २०११ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. नॉर्वेत रिटुक्सिमॅब या औषधाच्या चाचणीचा नकारार्थी निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यासाठी पैसे उभे करण्यात रुग्णांनीही हात लावला होता. दुःख झालं, पण महागडं आणि धोका असलेलं औषध हजारो लोकांना टोचायचं टळलं. प्रामाणिक नकाराचीही रुग्णांना गरज असते, आणि अनुभवी परीक्षक हे जाणतात.

नकार आलाच तर परीक्षकांची मतं मागून घ्या. आठवडाभर ती फाइल उघडू नका. नंतर प्रत्येक आक्षेपापुढे तुमचं उत्तर किंवा तुमची दुरुस्ती लिहा. आमच्या दुसऱ्या अर्जाचा निम्मा मजकूर पहिल्याच्या नकारपत्रातून आला.

नववं काम : पैसे मिळाल्यावर

वेगळं खातं किंवा किमान वेगळं लेजर. प्रत्येक पावती त्याच दिवशी स्कॅन. रिक्षाची पावती मिळत नाही, म्हणून सही असलेलं साधं व्हाउचर छापून घ्या. उपयोगिता प्रमाणपत्राचा, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याचा, नमुना पहिल्याच महिन्यात मागवा, शेवटच्या महिन्यात नाही. पावसाळ्यात घरभेटी ठेवू नका. लोकल बंद पडली की नमुना फुकट जातो आणि रुग्णाची तयारीही.

काम संपल्यावर शोधनिबंध लिहून होईलच. त्याआधी भाग घेतलेल्या प्रत्येकाला निष्कर्ष मराठीत कळवा, दोन पानांत. वाचून डोकं जड होणाऱ्यांसाठी तेच पाच मिनिटांच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. आमच्या पहिल्या गटाला मी ते रेकॉर्डिंग पाठवलं तेव्हा कल्याणच्या एका बाईंचा उलट आवाज आला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, पुढच्या वेळी कधी येणार, म्हणजे त्या आठवड्यात मी दुसरं काही ठेवणार नाही. पुढच्या अर्जाच्या वेळापत्रकात त्यांच्या भेटीआधीचा आणि नंतरचा पूर्ण आठवडा मी मोकळा ठेवला आहे.